हलव्याचे दागिने आणि फौजदार

चिपळूणच्या द्वारकाबाई भाचसुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याचे नाजूक दागिने घेऊन प्रवासी भरून नेणाऱ्या वडाप जीपने कऱ्हाडला निघाल्या होत्या. घाटातल्या नाक्यावर नव्या फौजदारांनी जीप अडवली, आत चढले आणि द्वारकाबाईंच्या दोरीने बांधलेल्या दागिन्यांच्या डब्यालाच हात घातला.

द्वारकाबाईंनी झाकणावर हात ठेवला. डबा उचकटला, तर दागिन्यांचा चुराच व्हायचा.

“साहेब, संशय असेल तर कारण लिहा, पंच बोलवा आणि मग खुशाल उघडा,” त्या म्हणाल्या.

“मला कायदा शिकवू नका!” फौजदार गरजले. “गाडी अडवली, की गाडीत जे जे असेल ते तपासायचा मला अधिकार आहे. कारणबिरण लागत नाही!”

“असं होय?” द्वारकाबाईंनी दाराशी उभ्या हवालदाराला हाक मारली. “अहो हवालदार, तुमचे साहेबही आता गाडीतच आहेत. आधी त्यांचे खिसे तपासा बरं!”

जीपभर हशा पिकला. हवालदाराने हसू लपवायला तोंड फिरवलं. फौजदारांचे हात नकळत खिशांवर गेले आणि मग त्यांनाही हसू फुटलं. डबा जपून ठेवत ते खाली उतरले.

“जा बाई. पण परत येताना तिळगूळ द्यायला थांबा.”

“थांबते की! पण तो घेतला, की गोड बोलावं लागतं हं, साहेब!”