रिकाम्या पाठीचा घोडा

मावळतीच्या समुद्रापाशी, धुक्याने वेढलेल्या एका गावात एक राजा होता. त्याचं नाव मोरिक. गाव लहान, त्यामुळे राजाही तसा लहानच. पण हे त्याला सांगणार कोण?

त्या गावात सोन्याची नाणी पाडत. एका बाजूला गव्हाची ओंबी आणि दुसऱ्या बाजूला धावणारा घोडा. घोड्याला तीन शेपट्या आणि पायांखाली एक चाक. ओंबी म्हणजे ज्याच्यावर आपण जगतो ते अन्न. चाक म्हणजे रोज मावळतीकडे घरंगळत जाणारा सूर्य. आणि घोडा त्याच वाटेने मेलेल्या माणसांना पलीकडे पोहोचवी. शेपट्या तीन का, असं पोरांनी विचारलं की म्हातारी माणसं म्हणत, "अरे, इतका भरधाव पळतो तो, की एकीच्या तीन दिसतात." घोड्याच्या पाठीवर मात्र काहीच नसे. ना स्वार, ना खोगीर.

गावात कोणी वारलं की त्याच्या मुठीत असं एक नाणं ठेवत. मग घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या कानाशी वाकून सांगे, "पाठ रिकामी आहे. बस." एवढं झालं की घरचे रडायला मोकळे होत.

एकदा मोरिक राजाने शेजारच्या राजाशी कुरणावरून लढाई केली आणि ती जिंकली. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर राहिनात. एके दिवशी त्याने एक नाणं उन्हात धरून निरखलं आणि कातुलला बोलावणं धाडलं. कातुल हा नाण्यांचे ठसे कोरणारा. लोखंडी ठशात तो चित्र खोदी. खाली सोन्याची चकती ठेवून वरून हातोडा घातला की ते चित्र सोन्यावर उठे.

"या घोड्यावर मला बसव," राजा म्हणाला. "राज्य माझं, सोनं माझं आणि पाठ रिकामी? बरं दिसतं का ते?"

कातुलने हात जोडले. "महाराज, ती जागा जिवंत माणसाची नाही. ज्याची वेळ येते त्याला ती लागते."

"मग आजपासून ती माझी समज."

"असं बोलू नका, महाराज."

पण राजा हट्टाला पेटला होता आणि कातुलला बायकामुलं होती. त्याने कोरलं. हात चांगला असल्यामुळे कोरलंही चांगलंच. झुपकेदार मिशा, वर केलेली हनुवटी, गळ्यातलं जाड कडं, सगळं हुबेहूब. राजा हरखून गेला. गावातली जुनी नाणी त्याने गोळा करून वितळवली आणि सगळीच्या सगळी नवी पाडून घेतली. पहिलं नाणं त्याने स्वतःच्या गळ्यात बांधलं.

त्यानंतर आधी एका मेंढपाळाची बायको गेली. तिच्या मुठीत नवं नाणं ठेवलं, कानात सांगितलं आणि तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आपल्याच दारात उभी दिसली. बोलत नव्हती, आत येत नव्हती. मूठ मिटलेली आणि नजर मावळतीकडे लागलेली. नवऱ्याने तिचा हात धरायला पाहिलं, तर त्याच्या हाताला नुसतं गार धुकं लागलं.

मग तापाने एक तान्हं मूल गेलं. ते बिचारं उभं कसं राहणार? मेंढपाळाच्या बायकोने त्याला कडेवर घेतलं आणि ती तशीच उभी राहिली.

हळूहळू दारोदारी अशी माणसं दिसू लागली. कुत्री भुंकायची थांबली. लोक आपल्याच घरात अंग चोरून शिरू लागले. दुपार कलली की टापा वाजत. त्या एकेका दारापाशी येऊन थांबत आणि तशाच माघारी जात. लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, "धुक्याचे दिवस आहेत. भास होतात माणसाला."

आणि मग राजाची आई वारली.

कानात सांगायची पाळी आता राजाची होती. "पाठ रिकामी आहे," तो म्हणाला आणि त्याची जीभ अडखळली. आपण आईशी खोटं बोलतो आहोत हे त्याला कळत होतं. तरी त्याने "बस" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई राजवाड्याच्या उंबऱ्यावर उभी होती. बाकीचे मेलेले कधी बोलले नव्हते. पण आई ती आईच. ती बोलली.

"मोरिक, घोडा येतो रे. अगदी दारापर्यंत येतो. पण वर तू बसलेला असतोस. किती हाका मारल्या, वळूनसुद्धा बघत नाहीस. उतर ना, बाळा. उभं राहून माझे पाय दुखायला लागले."

राजा ढसाढसा रडला. तसाच धावत तो कातुलकडे गेला. "मला पुसून टाक त्या ठशातून!"

"खोदलेलं लोखंड बुजत नाही, महाराज," कातुल म्हणाला. "नवा ठसा कोरावा लागेल आणि सगळी नाणी पुन्हा वितळवावी लागतील. सगळी."

घराघरांतून नाणी आली. उंबऱ्यांवरच्या माणसांनीही आपापल्या मुठी उघडल्या आणि त्यांतली नाणी खाली पडली. सोनं वितळलं आणि रिकाम्या पाठीचा घोडा पुन्हा नाण्यांवर धावू लागला. दुपार कलली, टापा वाजल्या आणि एकेक उंबरा मोकळा होत गेला. मेंढपाळाची बायको त्या तान्ह्याला पुढ्यात घेऊन गेली. शेवटी राहिली राजाची आई.

"गळ्यातलं राहिलं, मोरिक," ती म्हणाली.

राजाने नाण्यावर हात ठेवला. किती सुरेख कोरलं होतं ते! "एकच तर आहे, आई. कोणाच्या वाटेत येतंय ते?"

आईने मावळतीकडे तोंड वळवलं. मग टापा वाजल्या आणि तीही गेली.

पुढे मोरिक पुष्कळ वर्षं जगला. राज्यही त्याने बरं केलं. गळ्यातलं नाणं मात्र तो येता-जाता अंगठ्याने चोळत बसे. मरताना त्याने मुलीला बजावलं, "हे माझ्या गळ्यातून काढू नका." मुलीने त्याचं ऐकलं. त्याच्या मुठीत तिने रिकाम्या पाठीचं नाणं ठेवलं आणि कानात म्हणाली, "पाठ रिकामी आहे, बाबा. बस."

दुसऱ्या दिवशी राजा उंबऱ्यावर उभा होता. दुपार कलली. धुक्यातून टापा वाजल्या आणि घोडा आला.

पाठीवर कोणीतरी आधीच बसलं होतं. त्याच मिशा. तीच वर केलेली हनुवटी.

"उतर," राजा म्हणाला.

स्वार सोन्याचा होता. त्याने खाली पाहिलं नाही.

"अरे, उतर! माझी वेळ आली आहे." राजाने मूठ उघडून हातातलं नाणं दाखवलं. मग गळ्यातलं ओरबाडून काढायला गेला, तर बोटांना नुसतं गार धुकं लागलं. घोडा थोडा वेळ थांबला आणि सूर्याच्या चाकामागून तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. वर स्वार होताच. राजवाडा पडला, गाव ओस पडलं, उंबऱ्याच्या दगडावर गवत उगवलं. तरी दुपार कलली की त्या जागी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, "उतर ना. माझे पाय दुखतात."

तात्पर्य: सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा हौसेपोटी अडवू नये, एक दिवस ती आपल्यालाही लागते आणि तेव्हा तिथून आपल्याला उठवणारं कोणी नसतं.