पडला, पडला!

चक्रीवादळ ओसरलं तेव्हा शेवंताकाकींचा माड मुळं उचकटून त्यांच्याच स्वयंपाकघरावर कलला होता. करवतवाले गावात आले होते, पण पंचनाम्यात ‘पडलेलं’ अशी नोंद असेल तेवढीच झाडं ते कापत होते.

पंचनाम्याला आलेले साहेब मोठे कायदेबाज. लांबूनच म्हणाले, “पडलेलं म्हणजे जमिनीवर आडवं! हा माड उभा आहे. तलाठी भाऊसाहेब, ‘उभा’ लिहा.”

काकींनी वाद घातला नाही. धावत जाऊन खुर्ची आणली आणि नेमकी माडाखाली मांडली.

“बसा साहेब, उभ्या माडाची सावली आहे. मी कोकम सरबत आणते.”

दोन्ही पंच टक लावून बघत होते. आता नाही कसं म्हणायचं? साहेब बसले. तोच वाऱ्याची झुळूक आली आणि डोक्यावर माड कर्रर्र करून वाजला. साहेबांनी अंगणाबाहेर उडीच मारली.

“अरे, पडला! पडला!”

माड होता तिथेच होता. सरबताचा पेला हातात घेऊन काकी शांतपणे तलाठ्यांना म्हणाल्या, “लिहा भाऊसाहेब. साहेबांनी दोनदा सांगितलं, आणि पंचांनीही ऐकलं.”