आतून लावलेली कडी

“म्हणजे हे जग ज्याने केलं, तो देवच खोटा?” माधवमुनी बाबांनी विचारलं.

“खोटा नव्हे, अडाणी,” प्राध्यापक डबीर म्हणाले. “आपल्या वर कोणी आहे, हे त्याला ठाऊकच नाही. तो स्वतःलाच परमेश्वर समजतो.”

“असे पुष्कळ भेटतात,” बाबा म्हणाले.

डबीर हसले नाहीत.

अमरावतीकडच्या एका लहान गावातला हा महानुभावांचा मठ. बाबा नुकतेच भिक्षा मागून आले होते. झोळी शेजारी ठेवून ओट्यावर बसले होते. डबीर नागपूरचे, चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला जसं सांगितलं, तसं लिहितो आहे. त्यांचं बोलणं प्रत्यक्षात याहून लांब असावं.

ते सांगत होते नॉस्टिकांबद्दल. इजिप्त आणि सिरियाकडे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले हे पंथ. जग हा तुरुंग, शरीर ही कोठडी, आत एक ठिणगी अडकलेली. ती वरच्या परमेश्वराची. सुटका एकाच गोष्टीने, ज्ञानाने. चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं, पोथ्या वाळूत पुरल्या गेल्या. पण विचार पुरला गेला नाही, असं डबीरांचं म्हणणं. दिसतं ते सगळं बनावट आहे असं सांगणारे सिनेमे, ‘खरा मी’ शोधून देणारी शिबिरं, माणसाचं मन संगणकात उतरवून ठेवू म्हणणाऱ्या कंपन्या, या सगळ्यांत त्यांना तोच जुना पंथ दिसत होता. त्यावर त्यांनी चारशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात एक प्रकरण महानुभावांवरही होतं.

“आमच्यावर?”

“साम्य आहे. देवता जीवाला बांधून ठेवतात, सोडवतो तो परमेश्वर, असं तुम्हीही म्हणता.”

“म्हणतो.”

“हा प्रपंच सोडायचा, असंही म्हणता.”

“तेही म्हणतो.” बाबांनी पायावरची माशी हाकलली. “पण हे सांगायला तुम्ही एवढ्या उन्हात आला नाहीत.”



मग डबीरांनी मुलाबद्दल सांगितलं. सौमित्र, वय चोवीस. सात महिने खोलीबाहेर आलेला नाही. म्हणतो, हे जग म्हणजे कुणीतरी चालवलेला प्रोग्राम आहे, आणि तोही नीट लिहिलेला नाही. आई दाराशी ताट ठेवते. गेल्या आठवड्यात तीन दिवस ताट तसंच परत गेलं. डॉक्टरांना आणलं, तर त्यांच्याशी तो दाराआडून अतिशय सभ्यपणे बोलला, पण दार उघडलं नाही.

“तुम्ही काय करता?”

डबीर रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसत. त्याचा एकेक मुद्दा खोडून काढत.

“मग?”

“तो ऐकतो. मग म्हणतो, अप्पा, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही नुसतं शिकवलंत, मी मानलं.”

डबीर पुढे सरकले.

“जग खरं आहे, एवढं सिद्ध करणारं एक वाक्य मला द्या. माझ्याजवळची संपली.”

“आमच्याकडे कुठलं? तुमच्याच पुस्तकात आम्ही त्याच्या बाजूचे.”

हे डबीरांना लागलं. त्यांचा आवाज चढला. “मग तुमच्यात आणि माझ्या मुलात फरक काय, तेवढं तरी सांगा. त्यानंही जग सोडलंय, तुम्हीही सोडलंय.”

बाबा उठले. झोळी उचलून खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

डबीर उठले. मग दाराशी गेले.

“बाबा?”

“बोला.”

“दार उघडा.”

“बाहेर काय आहे?”

बाहेर मी आहे, असं म्हणायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण त्यांनी बाह्य वस्तूंचं अस्तित्व कसं मानावं लागतं, ते सांगायला सुरुवात केली. वेदनेचं उदाहरण दिलं. स्वप्न आणि जागेपण यांतला भेद सांगितला. नॉस्टिकांची चूक नेमकी कुठे झाली, तेही सांगितलं.

“छान,” आतून आवाज आला. “हे सगळं इथून नीट ऐकू येतंय.”

मठातल्या म्हाताऱ्या तपस्विनी गोदाबाई अंगण झाडत होत्या. झाडता झाडता ओट्यापाशी थांबल्या.

“काय मागताय बाबांना?”

“काही मागत नाही. बोलतोय.”

“मग उघडतील कशाला?” म्हणाल्या, आणि पुढे झाडू लागल्या.

डबीर उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. आधी पाऊण तास म्हणाले, मग म्हणाले, वीस मिनिटं असतील. त्यांना मधुमेह आहे. सकाळी साडेपाचला नुसता चहा घेऊन निघाले होते. कपाळावर घाम आला. आपण दाराच्या चौकटीला धरून उभे आहोत, आणि घरी मुलाच्या दाराशी बसतो तसेच इथेही दाराबाहेरच आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी आणखी एक मुद्दा सुरू केला. तो अर्ध्यावर सुटला.

“बाबा...”

ते दाराला टेकले.

“बाबा, मला भूक लागली आहे.”

कडी निघाली.

बाबांनी त्यांना धरून आत नेलं. झोळीतलं अन्न पुढे ठेवलं. पाच घरांचं एकत्र झालेलं. वरणात कुणाचा तरी शिरा कालवला गेला होता, भाकरी ताकात भिजली होती. डबीर खाली बसून जेवले. कशाची चव काय, ते त्यांनी विचारलं नाही. बाबाही त्याच झोळीतलं जेवले.

हात धुऊन डबीर उंबऱ्यापाशी आले.

“आज घरी पोचेपर्यंत रात्र होईल,” ते म्हणाले. “उद्या त्याच्या दाराशी खुर्ची टाकत नाही.”

बाबांनी मान डोलावली.

“सौमित्रकडे जेवायला मागतो. त्याच्या ताटातलं.”

बाबा झोळी झटकत होते.

“आणि त्यानं नाही उघडलं तर?” डबीरांनी विचारलं.

“आम्हाला तरी सगळी दारं कुठे उघडतात?” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी परत जायचं... उपाशीच.”