खाडीतले रावस

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी समुद्राला लागून एक राज्य होते. त्या राज्यात एक खाडी होती आणि खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे एक गाव होते. त्या गावची येसू नावाची मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागली आणि पुढे तिथली मुख्य स्वयंपाकीण झाली.

येसूच्या हाताला चव होती. राजाला रावस फार आवडे, त्यातही गाभोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला. मासे अंड्यांवर येत त्या दिवसांत राजा पाहुणे बोलावून मोठी मेजवानी देई. येसू गाभोळी मंद आचेवर परते, राजा पहिला घास घेऊन डोळे मिटे, आणि येसू ते दाराआडून पाही. तेवढ्याने तिचा सगळा शिणवटा जाई.

ती नवीन होती तेव्हा एक रावस उचलायला दोघीजणी लागत. काही वर्षांनी तो एकटीला उचलता येऊ लागला. मग तो परातीत मावू लागला. मुदपाकखान्यात कोणाला त्याचे काही वाटले नाही. मासा लहान आला की टोपल्या जास्त मागवायच्या, एवढेच. पंगत कधी उपाशी उठली नव्हती.

एका सकाळी येसूने टोपलीवरचे ओले फडके बाजूला केले. आत तळहाताएवढे रावस होते. तिने एक चिरून पाहिला. गाभोळी असणार कुठून? ते पिल्लूच होते.

येसूने विळी तशीच ठेवली, हात धुतले आणि ती गावाची वाट चालू लागली.

टोपल्या पाठवणारा गोमा नाखवा तिचा थोरला भाऊ होता. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवले होते. तो होडीच्या सावलीत बसून जाळे दुरुस्त करत होता. जाळे नवे होते, आणि त्याची भोके इतकी बारीक होती की करंगळीसुद्धा आत जाईना.

"दादा, टोपलीत पिल्लं होती," येसू म्हणाली.

"मोठे राहिलेत कुठे?" गोमाने मान वर केली नाही. "पार लांबवर जाऊन रिकामा परत आलो. अंड्यांवरचे होते ते राजवाड्याने खाल्ले. आता पिल्लं उरलीत, तर पिल्लं."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"कोणाला म्हणू? टोपल्यांचा निरोप तर तूच पाठवतेस."

येसू भावाच्या शेजारी वाळूत बसून राहिली. कोळ्याची पोर असून इतकी वर्षे आपण चुलीकडेच पाहत राहिलो, समुद्राकडे पाहिलेच नाही, असे तिला वाटले. मग ती उठली आणि राजवाड्यावर परत गेली.

मेजवानीच्या दिवशी तिने रावस मागवलाच नाही. त्या वर्षी बांगडा उदंड आला होता. तिने तिरफळ घालून बांगड्याचे झणझणीत तिखले केले, मांदेली कुरकुरीत तळली आणि पाने वाढली. पाहुण्यांनी बोटे चाटली. राजा मात्र हात आखडून बसला.

"येसू, आमचा रावस कुठे आहे?"

"खाडीत आहे, महाराज. अजून लहान आहे. त्याला वाढू दिलं तर आपल्या नातवंडांच्या पानातही येईल."

भरल्या पंगतीत असे उत्तर राजाला कोणी दिले नव्हते. त्याचा चेहरा उतरला. "आमच्या आवडीचं रांधता येत नसेल, तर या मुदपाकखान्यात तुझं काम नाही," तो म्हणाला.

येसूने वाकून नमस्कार केला, पळी दुसरीच्या हातात दिली आणि नेसत्या लुगड्यानिशी ती राजवाड्याबाहेर पडली. राजाचा तिला राग आला नाही. त्याच्या पानात आता कोण कसे वाढेल, याचीच तिला काळजी वाटत राहिली.

मग ती किनाऱ्याने गावोगाव हिंडू लागली. जिथे बाजार भरे तिथे तीन दगडांची चूल मांडी आणि समुद्रात जे भरपूर असेल ते रांधी. बायका नाके मुरडत. "मांदेली ती काय, पाहुण्यांना कोणी वाढतं का?" येसू हसून द्रोण पुढे करी. "आधी खाऊन तर बघा, बायांनो. मग नावं ठेवा." बायका खात, पुन्हा मागत, आणि कृती विचारून घेत. मग येसू हळूच सांगे, "तळहाताएवढा रावस आणि गाभोळीचा रावस तेवढा घेऊ नका. तुम्ही घेतला नाहीत तर कोणी धरणार नाही."

कोणी ऐकले, कोणी वेड्यात काढले. येसूचे केस पांढरे झाले, पायांना भेगा पडल्या, पण बाजार चुकला नाही. हळूहळू बायका पिल्लांच्या टोपलीपुढून न थांबता जाऊ लागल्या.

त्याचा पहिला फटका तिच्याच भावाला बसला. गोमाची पिल्ले विकली जाईनात, वाळूत सडू लागली. तो भर बाजारात तिच्या चुलीपुढे येऊन उभा राहिला.

"लहानाचं मोठं केलं तुला. आणि तू माझ्याच पोटावर पाय दिलास."

"दादा, मोठ्या भोकांचं जाळं विण. त्यात येईल तो बांगडा मी दारोदार फिरून विकून देईन."

"जाळं कसं विणायचं ते मला तू शिकवू नकोस," असे म्हणून गोमा निघून गेला, आणि त्याने बहिणीशी बोलणे सोडले.

येसू गावात असली की वहिनीकडे कालवणाचे भांडे नेऊन देई. वहिनी डोळे पुसत ते घेई. गोमा त्याला हात लावत नसे. "तिच्या हातचं मला नको," तो म्हणे, आणि भातावर मीठ घेऊन जेवे.

अशी बरीच वर्षे गेली. एका सकाळी येसू खाडीकाठी लाकडे गोळा करत होती. तिवरांच्या झाडांच्या मुळांजवळ पाणी चमचमत होते. किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनी पिल्ले धरणे सोडल्यामुळे रावसांची पिल्ले दाटीने खाडीत शिरली होती. आणि तिथेच गुडघाभर पाण्यात गोमा आपले जुने बारीक जाळे ओढत होता. परमुलखातला एक व्यापारी ही पिल्ले सुकवून न्यायला तयार झाला होता.

गोमाने बहिणीला पाहिले. जाळे जड झाले होते. तो थकला होता, आणि येसूला एकदम जाणवले की दादा म्हातारा झाला आहे.

"बोल ना," तो म्हणाला. "साऱ्या किनाऱ्याला सांगत फिरतेस. मला का सांगत नाहीस?"

"तुला काय सांगू, दादा? मी लहान असताना वादळाच्या दिवसांत आपल्या घरात दाणा नव्हता, तेव्हा तू स्वतः उपाशी राहून मला वाढलंस. लहानाला जगवायचं कसं ते मी तुझ्याकडूनच शिकले."

गोमाने जाळ्यात उड्या मारणाऱ्या पिल्लांकडे पाहिले. मग त्याने जाळ्याचे एक टोक सोडून दिले. पाणी क्षणभर रुपेरी झाले आणि पुन्हा शांत झाले.

रिकामे जाळे खांद्यावर टाकून तो काठावर आला. "भूक लागलीय," तो म्हणाला. "काही रांधलंयस का?"

येसूने त्याला जेवायला वाढले.

त्यानंतर गोमाने मोठ्या भोकांचे जाळे विणले, आणि त्याचे पाहून गावातल्या सगळ्यांनी विणले. आणखी काही वर्षांनी उचलायला दोन माणसे लागावीत असे रावस पुन्हा मिळू लागले. ही बातमी राजापर्यंत पोचली. राजाही आता थकला होता. तो पालखीतून येसूच्या दारी आला आणि म्हणाला, "आमचं चुकलं. मुदपाकखान्यात तुझी जागा तुझीच आहे. परत चल."

"महाराज, माझं आता बाजारात बरं चाललंय," येसू म्हणाली. "द्यायचंच असेल तर एक द्या. मासे अंड्यांवर असतील त्या दिवसांत खाडीत जाळं पडू नये, आणि आपल्या पानात रावस नसावा. आपण नाही खाल्लात तर सारं राज्य नाही खाणार."

राजाने तशी दवंडी पिटवली आणि स्वतः ती पाळली. त्या दिवसांत गोमा खाडीच्या तोंडाशी पहाऱ्याला बसे. संध्याकाळी येसू त्याच्याशेजारी येऊन बसे, आणि दोघे बहीणभाऊ अंड्यांवरचे मोठाले रावस तिवरांजवळून संथपणे जाताना पाहत.

"यातला एकही आपल्या वाट्याचा नाही," एकदा गोमा म्हणाला.

"नसू दे," येसू म्हणाली. "कोणाच्या तरी वाट्याचा आहे ना?"

तर लहानथोर मंडळींनो, या गोष्टीचे सांगणे एवढेच: समुद्राकडून घेताना, त्याला पुन्हा देता येईल इतके त्याच्याजवळ राहू द्यावे.