तळ्यातले बुडबुडे

चिंचेला अजून आंबटपणा यायचा होता, तेव्हाची गोष्ट.

एका तळ्यात एक दिवस मधोमध बुडबुडे यायला लागले. वारा नाही, मासा नाही, नुसतं बुडुक बुडुक. बेडकांची पाचावर धारण बसली. ठमा बेडकीनं तर नुकतीच अंडी घातलेली. ती टाकून जायचं कुठं?

खेकडा म्हणाला, "खाली पाताळात कुणीतरी भात शिजवतंय."

"छ्या! तळ्याला उचकी लागलीय," कासव म्हणालं. "कुणीतरी आठवण काढली असंल."

मग सगळ्यांनी हळूच पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय रं मेल्यांनो?" म्हैस फुरफुरली. "मी आत्ता तर पाण्यात आले!"

काठावरनं बगळेबुवा खाकरले. एका पायावर उभं राहून बोलतो तो शहाणाच, असं बेडकांना वाटायचं.

"लेकरांनो, खालची जमीन तापलीय. उद्या तळं उकळणार. सगळी काठावर या. अंडी राहू द्या तिथंच, त्यांच्याकडं मी बघतो की!"

निघाली बेडकं टुणटुण. रडत रडत ठमाही निघाली. काठाशी येऊन वर बघते, तर बुवांच्या चोचीतनं लाळ ठिबकत होती.

"थांबा गं बायांनो!" ठमा ओरडली. "बुवा, तळ्यात बुडबुडे का येतात ते मला ठाऊक न्हाई. पण तुमच्या तोंडाला पाणी का सुटलंय, ते कळलं बरं का!"

सगळी बेडकं धपाधप माघारी पाण्यात.

बुडबुडे अजून येतात. बेडकं अजून त्यावर डराव डराव भांडतात. पण पाण्यात बसून.