कातणारीचा चरखा आणि कोरा फळा

“माझं कुणी खरं मानतच नाही!” असं एक बाई गावाच्या पारापाशी उभी राहून ओरडत होती.

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या राज्यात लोक दिवस मोजायचे ते सणांवरून, आणि राजाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ समजायचे. लहानांनी नीट ऐका. मोठ्यांनी जरा जास्त नीट ऐका, कारण ही गोष्ट तुमचीच आहे.

ती बाई लोकर कातायची. तिचं सूत सगळ्या मुलखात नावाजलेलं. घोंगडी विणणारे चार गावं ओलांडून तिच्याच दारात यायचे. ती सुताचा पदर त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “ओढ. तोडून दाखव.” भल्याभल्यांचे हात लाल व्हायचे, सूत तुटायचं नाही. मग ती हसायची. गर्व होता तिला, आणि तो तिने कमावलेला होता.

तिचा चरखा होता राजाच्या कारखान्यातला. त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूच्या सांध्यावर लाखेचा शिक्का असायचा. त्या शिक्क्याचा अर्थ पोरासोरांनाही पाठ होता: वस्तू वर्षाच्या आत बिघडली तर आठ दिवसांत दुरुस्त करून देऊ, पण शिक्का दुसऱ्या कुणी फोडला तर आमचा शब्द संपला.

ज्येष्ठ महिन्यात चरख्याची चाती वाकली. चाती म्हणजे ज्यावर सूत गुंडाळत जातं ती लोखंडी काडी. घरात नुकत्याच कातरलेल्या लोकरीचे बारा गठ्ठे पडलेले. पावसाळी दमट हवेत लोकर फार दिवस ठेवली की तिला कसर लागते, म्हणजे बारीक किडे पडतात, आणि मग ती उकिरड्यावर टाकायच्या लायकीची राहते. त्या बारा गठ्ठ्यांवर बाईचं वर्ष होतं.

चाती सरळ करणं तिला येत नव्हतं असं नाही. पण शिक्का फोडायचा नाही, असं ठरलेलं. तिने चरखा डोक्यावर घेतला, राजधानी गाठली, कारखान्याच्या खिडकीत दिला. खिडकीतला कारकून म्हणाला, “आठ दिवस.”

आठ दिवसांनी गेली, तर म्हणाला, “दुरुस्ती चालू आहे.”

आषाढात गेली. “दुरुस्ती चालू आहे.”

श्रावणात गेली. “बाई, सांगितलं ना, दुरुस्ती चालू आहे!”

“मग नको मला दुरुस्ती. तसाच परत दे.”

“दुरुस्त झाल्याशिवाय परत देता येत नाही. नियम आहे.”

“कुठवर आलीय दुरुस्ती, ते तरी सांग.”

“ते कोठीवाल्याला विचारा.”

कोठीवाला म्हणाला, “सुताराकडे गेलाय.” आणि त्याने कोठीचं दार लावून घेतलं.

गावात येऊन तिने हे सांगितलं, तर गाव तिच्यावरच उलटलं. कारण त्या कारखान्याच्या दारावर एक काळा फळा होता. दुरुस्तीला जो उशीर लावील त्याचं नाव त्यावर चुन्याने लिहायचं, अशी रीत. आणि तो फळा कित्येक वर्षं कोरा होता.

“फळा कोरा आहे आणि तू म्हणतेस उशीर झाला?” शेजारीण म्हणाली. “तूच काहीतरी मोडतोड केली असशील हो. तुझा हात भारीच जड.”

“जड हाताने बारीक सूत निघतं होय गं?” बाई म्हणाली.

लोक हसले, पण विश्वास कुणी ठेवला नाही. फळा कोरा का आहे, हे कुणी विचारलंच नाही. कारण रीत अशीही होती, की तक्रार करणाऱ्याने नाव सांगायचं, आणि नाव चुकीचं ठरलं तर त्याचंच नाव फळ्यावर जायचं. कोण कशाला पुढे येतंय!

भाद्रपद संपता संपता बाईने गठ्ठे उघडून पाहिले. दोन गठ्ठ्यांत कसर शिरली होती. हातात घेतलेली लोकर भुशासारखी गळून पडली. बाई रडली नाही. दोन्ही गठ्ठे उकिरड्यावर टाकले, उरलेले दहा उन्हात घातले, आणि पुन्हा राजधानीची वाट धरली.

या वेळी ती खिडकीपाशी गेलीच नाही. कारखान्याला वळसा घालून मागच्या जाळीतून तिने आत पाहिलं. आत ओळीने खुंट्या होत्या. त्यांवर नांगराचे फाळ, पाळणे, मोटा, कुणाचा तरी ढोल. मधेच तिचा चरखा. चाकाच्या आऱ्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं, चांगलं घट्ट.

“वा रे कारखाना!” ती मोठ्याने म्हणाली. “एकटा कोळीच तेवढा कामाला दिसतोय.”

आत एक म्हातारा सुतार बसला होता. तो उठून जाळीपाशी आला. त्याच्या हातातली पटाशी गंजली होती.

“हसू नका ताई,” तो म्हणाला. “या पटाशीने मी देवळाचे खांब कोरलेत. आज तिला गंज चढलाय, आणि मला घरी बायकोसमोर मान वर करवत नाही.”

“मग हात का चालवत नाही, बाबा?”

सुताराने पहिल्या खुंटीकडे बोट केलं. तिथे एक भला मोठा झोपाळा टांगलेला. पितळी कड्या, वर मोर कोरलेले.

“हा राजाचा. कुरकुरतो म्हणून वैशाखात आला. कारखान्याचा नियम आहे, राजाचं काम आधी. ते झाल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आणि राजाच्या वस्तूवरची लाख फोडायची तर राजाची परवानगी हवी.”

“मग घ्या की परवानगी.”

“कोण घेणार? कारभारी म्हणतो, राजाला झोपाळ्याची आठवण करून द्यायची म्हणजे राजा विसरला असं म्हणायचं. मागच्या कारभाऱ्याने एकदा अशीच आठवण करून दिली होती. राजाने त्याला दरबारातून हाकलून दिलं.”

बाईने त्या झोपाळ्याकडे नीट पाहून घेतलं. मग तिने विचारलं, “राजा इथे कधी येतो?”

“खंडेनवमीला. हत्यारांची पूजा करायला.”

खंडेनवमीला कारखाना धुऊनपुसून लख्ख केला. करवती, वाकस, पटाशा ओळीने मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. राजा आला. पूजा झाली. जाताना दारावर त्याची नजर गेली आणि तो गर्दीकडे वळून म्हणाला, “पाहा हा फळा! माझ्या राज्यात शब्द असा पाळला जातो.”

गर्दीतून बाई पुढे आली. “महाराज, चुना मागवा. नाव लिहायचंय.”

कारभारी धावत आला. “ए बाई, रीत माहीत आहे ना? नाव चुकलं तर तुझंच लागेल.”

“माहीत आहे. माझं नाव नीट लिहिता येईल ना तुला? नाहीतर शिकवते.”

राजाने हात वर केला. “उशीर कुणी लावला, बाई?”

तिने नाव घेण्याआधीच आत धांदल उडाली. कारकून म्हणाला, कोठीवाल्याने. कोठीवाला म्हणाला, सुताराने. सुताराने फक्त गंजलेली पटाशी राजासमोर धरली.

“या महाराज,” बाई म्हणाली, आणि राजाला सरळ पहिल्या खुंटीपाशी घेऊन गेली. “हा झोपाळा कुणाचा?”

राजा थबकला. “माझा. अजून इथेच आहे हा?”

“वैशाखापासून. तुमच्या परवानगीशिवाय याची लाख फोडायची नाही, आणि हा झाल्याशिवाय आमच्या वस्तूंना हात लावायचा नाही. तो माझा चरखा, त्याच्यापायी माझ्या लोकरीचे दोन गठ्ठे कसरीने खाल्ले. तिकडे कुणाचा फाळ आहे, तो यंदा जमिनीला लागलाच नाही. तो पाळणा बघा. त्यातलं पोर आता रांगायला लागलं असेल.”

राजाचा चेहरा तांबडा झाला. तो कारभाऱ्यावर ओरडला, “मला सांगितलं का नाही? लिहा रे, याचं नाव लिहा!”

कारभाऱ्याने सुटकेसाठी इकडेतिकडे पाहिलं. बाईचा त्याच्यावर राग होता, चार महिन्यांचा. पण ती म्हणाली, “थांबा. हा भित्रा आहे, हे खरं. पण राजाचं आधी, हा नियम याने केला का? आठवण करून देणाऱ्याला हाकललं ते याने का? आणि महाराज, आमच्या वस्तूंवर लाखेत उमटवलेला शिक्का कुणाचा आहे? कारभाऱ्याचा?”

बाईचं नाव आता फळ्यावर जाणार, असंच सगळ्यांना वाटलं.

राजा शिक्क्याकडे पाहत राहिला. मग त्याने सुताराला जवळ बोलावलं. “बाबा, हिच्या चरख्याला किती वेळ लागेल?”

“पूजेचं निरांजन तेवतंय ना महाराज, ते विझायच्या आत होईल.”

आणि झालं. सुताराने आधी कोळ्याचं जाळं हलक्या हाताने काढलं, लाख फोडली, चाती ठोकून सरळ केली, नवी लाख लावली. निरांजन तेवतच होतं. म्हाताऱ्याची मान बऱ्याच दिवसांनी ताठ झाली.

राजाने विचारलं, “एवढंसंच काम होतं? हे तर तुलाही जमलं असतं.”

“जमलं असतं,” बाई म्हणाली. “पण शब्द तुमचा होता. मी शिक्का फोडला असता, तर तुमचीच माणसं म्हणाली असती, बाईनेच बिघडवला.”

“तुझे दोन गठ्ठे गेले म्हणालीस. कोठारातून चार देतो.”

“नकोत मला. गठ्ठे भरून देऊ नका महाराज, फळा भरा.”

तिने चरखा डोक्यावर घेतला आणि मागे वळून न बघता गावाकडे निघाली. त्याच दिवशी झोपाळा शेवटच्या खुंटीवर गेला आणि ‘राजाचं आधी’ हा नियम राजाने मोडीत काढला. दहा गठ्ठ्यांचं सूत थंडीच्या आत निघालं. ते तोडायला शेजारीण स्वतः आली होती. तिचेही हात लाल झाले.

बोध सरळ आहे: शब्द वेळेवर पाळला गेला नाही, तर दोष खिडकीत बसलेल्याचा नाही, शब्द देणाऱ्याचा.

फळा आता कोरा नाही. त्या खंडेनवमीला राजाने चुन्यात बोट बुडवून त्यावर एकच नाव लिहिलं, आणि ते कधीही पुसू नका असं सांगितलं. ते नाव त्याचं स्वतःचं होतं: सोमवर्धन.