तीन ठोक्यांची सुरी

ही गोष्ट फार फार जुनी आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐकावी.

एका राज्यात तांबड्या टेकडीच्या पायथ्याशी लोहारांचं गाव होतं. तिथे सुऱ्या हाताने घडत. राज्याची रीतच होती, की राजघराण्यात मूल जन्मलं की त्याची नाळ या गावच्या सुरीने कापायची. त्यामुळे गावातलं शेंबडं पोरही ऐटीत सांगे, "राजासुद्धा आमच्याच सुरीने आईपासून सुटा झालाय."

एकदा राजाच्या घरी पाळणा हलणार अशी बातमी आली. तेव्हा प्रधान म्हणाला, "महाराज, समुद्रापलीकडून आरशासारख्या सुऱ्या येतात. ही ठोकाठोकीची सुरी आता कशाला?"

राजाने ठरवलं, आठव्या दिवशी दोन्ही सुऱ्या दरबारात पारखायच्या. जी टिकेल तिला तो मान, कायमचा.

त्याच सुमारास सगुणा नावाची लोहाराची लेक बारा वर्षं दूरदेशीच्या शाळेत लोहारकाम शिकून गावी परतली होती. वडील वारले होते. भट्टीवर एकटी आत्या उरली होती, जन्मभर भाता ओढलेली.

"गावाची सुरी मी करते," सगुणा म्हणाली.

"कर की," आत्या म्हणाली. "भात्याला मी आहे."

सगुणाने पोलाद तापवलं, ठोकलं, घासलं. चौथ्या दिवशी तिने लालभडक पातं तेलात बुडवलं. याला गावात पाणी पाजणं म्हणत. त्याने पातं कडक होतं. पण वर काढलं तर ते वालाच्या शेंगेसारखं वाकलेलं. शरमेने तिने हातोडा उचलला आणि पात्याच्या फुगलेल्या पाठीवर दणका घातला. पात्याचे दोन तुकडे झाले.

"निघाला राग?" आत्याने विचारलं. "चल, दुसरं कर."

सातव्या दिवशी सकाळी दुसरं पातं तेलातून निघालं. तेही वाकलेलं.

"शाळेत सांगत, वाकलं की वितळवायचं आणि पहिल्यापासून करायचं," सगुणा खालमानेने म्हणाली.

"शाळेला घाई नसेल. इकडे आण ते."

आत्याने पातं घासून चकचकीत केलं आणि तापलेल्या वाळूवर ठेवलं. हळूहळू त्यावर पिकल्या गव्हाचा रंग चढला. "आता त्याचा ताठा उतरला. आता ते ऐकेल," आत्या म्हणाली. सगुणाने निवलेलं पातं ऐरणीवर घेतलं आणि पुन्हा फुगवट्यावर हातोडा रोखला.

"तिथे नको गं. पाठ आधीच ताणलीय, तिला कशाला मारतेस? उलटं कर. आतली बाजू आखडलीय, म्हणून ते वाकलंय. तिला पसरू दे. हलक्या हाताने."

सगुणाने पातं उलटं केलं आणि आतल्या बाजूला एक ठोका दिला. मग दुसरा. मग तिसरा. पातं उजेडात धरलं तर ते ताणलेल्या दोरीसारखं सरळ होतं. बारा वर्षांत तिला कोणी हे शिकवलं नव्हतं, आणि ते तिच्याच घरी भाता ओढत बसलं होतं.

शेजारी म्हणाले, "ते तीन खळगे घासून टाक. दरबारात दिसतील."

"दिसू देत," सगुणा म्हणाली. "ते आपलंच काम आहे."

दरबारात प्रधान हसला. "ही चेचलेली सुरी राजघराण्यात?"

पारख राजसुईण करणार होती. तिने परदेशी सुरी गुडघ्यावर दाबली. सुरी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने गावची सुरी दाबली. ती वाकली, आणि सोडताच झटकन सरळ झाली.

"पण हे खळगे बघता, घडवताना तुमचीही वाकलीच होती ना?" प्रधान म्हणाला.

सगुणा म्हणाली, "वाकली होती, प्रधानजी. ती सरळ करायला आमची आत्या आहे. तुमची वाकली, आता समुद्रापलीकडे धाडणार का?"

दरबारात हशा पिकला. पण सगुणा हसली नाही. तिने एक ऐरण मागवली, ती परदेशी सुरी उलटी धरली आणि आतल्या बाजूला हलकेच तीन ठोके दिले. सरळ झालेली सुरी तिने दोन्ही हातांनी प्रधानाला दिली. त्याने मान खाली घालून ती घेतली.

चार दिवसांनी राजकन्या जन्मली. तिची नाळ तीन ठोक्यांच्या सुरीने कापली गेली आणि गावाचा मान गावातच राहिला. तेव्हापासून त्या गावची सुरी पहिल्या झटक्यात सरळ निघाली, तरी गिऱ्हाईक ती उलटीपालटी करून विचारतं, "ठोके कुठे आहेत हिचे?"

तात्पर्य: वाकलेल्याच्या फुगवट्यावर घाव घातला तर ते तुटतं, त्याचं आखडलेपण ओळखून मोकळं केलं तर ते सरळ होतं.